नमतं कोण घेतं?

मालिकेतल्या बापाला घरात कुत्रं नको असतं. मुलगी नऊ-दहा वर्षांची, चिवट. चार भाग ती त्याच्या मागे लागलेली. पाचव्या भागात आई भांडी पुसता पुसता फोनवर बहिणीला सांगते, ‘ही केव्ह्ड इन’ (He caved in). तीन शब्द, जेमतेम सव्वा सेकंद.

मी सबटायटल्स करते. इंग्रजीतून मराठीत, घरी बसून, मिनिटावर पैसे. पडद्यावर फार तर दोन ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि वाचणाऱ्याला मान वर करून माणसांचे चेहरेही दिसायला हवेत. असली वाक्यं एरवी मी दहा सेकंदांत उडवते. या तीन शब्दांवर चहा गार झाला.

‘बाबांनी हार मानली.’ छे, कुत्र्यापायी कुणी हार मानत नाही, ती निवडणुकीत मानतात. ‘बाबांनी गुडघे टेकले.’ बायकोनं नवऱ्याबद्दल हे बहिणीला सांगितलं तर पुढचा भाग घटस्फोटाचा. ‘बाबा विरघळले.’ हे गोड आहे, पण विरघळायला माया लागते आणि त्या इंग्रजी क्रियापदात मायेचा थेंब नाही. त्यात नुसता कंटाळा आहे, रेटा आहे, आणि शेवटी ‘घ्या एकदाचं’ आहे. ‘बाबांनी नमतं घेतलं.’ हे जवळचं. टाइप केलं. वाचलं. पुसलं. का पुसलं ते मला त्या क्षणी नीट सांगता आलं नसतं.

इंग्रजीत दबावापुढं नमण्याची क्रियापदं जोडजोडीनं येतात. गिव्ह इन, बॅक डाउन, नकल अंडर, केव्ह इन. शाळेत ती आम्ही पाठ केली ती टीव्हीखाली पळणाऱ्या पट्टीसारखी, अर्थ समोर आणि चित्र कुठेच नाही. मला आठवतं, वर्गातल्या एकानं ‘केव्ह इन’चा अर्थ ‘गुहेत जाणे’ असा लिहिला होता आणि बाई हसल्या होत्या. आता वाटतं, बाईंना तरी कुठं माहीत होतं. गुहेचा या शब्दाशी मुळात संबंध नसावा, असा कोशकारांचा कयास आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सपाट, पाणथळ मुलखात काठाची माती सुटून खाली आली की तिथले लोक ‘काव्ह इन’ म्हणत. काव्ह म्हणजे वासरू देणं. गाईच्या पोटातून वासरू खाली पडावं तसा बांधाचा लगदा सुटतो. डच भाषेतही असाच शब्द आहे, आणि सतराव्या शतकात त्या दलदली उपसायला डच लोकच बोलावले होते. गुहा मागाहून आली असावी, उच्चाराच्या ओढीनं. मग अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात मातीचा शब्द माणसाला लागला. हिमनदीचा कडा तुटून समुद्रात पडतो त्यालाही इंग्रजीत वासरू देणंच म्हणतात.

हे वाचलं आणि मला आमची विहीर आठवली.

खटाव तालुक्यात आजोळ. विहीर १९७२ सालच्या दुष्काळात खणलेली. वरची हातभर काळी माती, खाली मुरूम, मग खडक. सात परस खोल. तीन बाजू दगडात बांधून काढल्या आणि चौथ्या बाजूला पैसे संपले. पुढल्या वर्षी बघू, असं म्हणता म्हणता ती बाजू तशीच राहिली. मी सातवीत होते तेव्हा पाऊस असा झाला की विहीर काठोकाठ भरली. घोंगडं पांघरून आजोबा रोज त्या चौथ्या बाजूकडे बघून यायचे. आठवडाभराच्या पावसात ती ढिम्म हलली नाही. मग उघडीप पडली, वीज रात्रीची यायची म्हणून मामानं दोन रात्री मोटर चालू ठेवली आणि पाणी झपाट्यानं खाली गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, स्वच्छ उन्हात, मी काठापासून वीसेक पावलांवर दात घासत असताना दरड आली.

आवाज मोठा झाला नाही, हे मला नीट आठवतं. कापडाचा गठ्ठा जिन्यावरून सोडावा तसा. काठावरचं करंजाचं झाड उभ्याउभ्या खाली गेलं, आधी अजिबात न वाकता, लिफ्टमधून गेल्यासारखं. धूळ नाही, कारण सगळं ओलं. विहिरीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि बेडूक ओरडायचे थांबले.

मामाला कळेना, एवढ्या पावसात टिकली आणि आता कोरड्यात कशी पडली. आजोबा म्हणाले, ‘पाण्याचा रेटा होता तवर हुबी हुती. तू रेटा काढून घेतलास.’ हे अगदी बरोबर आहे, पुढं एका इंजिनिअर मैत्रिणीनं मला कागदावर रेघा काढून दाखवलं. भरल्या विहिरीतलं पाणी आतून दरडीला टेकू देत असतं. ते भसकन उपसलं की मुरमात मुरलेलं पाणी तेवढ्या वेगानं निचरत नाही. मागून माती पाण्यासकट ढकलते आणि पुढं धरायला कुणी नसतं. धरणाच्या मातीच्या भिंतीलाही म्हणून जलाशय घाईनं रिकामा केलेला चालत नाही. बाहेरचा भार वाढलेलाच नसतो. आतला रेटा गेलेला असतो.

मराठीत या मातीसाठी शब्द आहे: खचणं. रस्ता खचतो, जोतं खचतं. आणि माणूसही खचतो, पण बघा, तो वेगळ्याच जागी जातो. इंग्रजीत खचलेला माणूस समोरच्याचं ऐकतो. आपल्याकडे खचलेला माणूस कुणाचंच ऐकत नाही, तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. माती तीच, चित्र तेच, पण त्यांना त्यात तह दिसला आणि आपल्याला दुःख.

तहासाठी आपण शरीर वापरतो. मान तुकवतो, हात टेकतो, नाक घासतो, पाय धरतो. इंग्रजीतल्या ‘नकल अंडर’मध्येही गुडघाच लपलाय म्हणे, नकल म्हणजे पूर्वी कुठलाही सांधा. पण आपल्याकडचं सर्वांत भन्नाट शरणचित्र म्हणजे दाती तृण धरणं. तोंडात गवताची काडी घेऊन समोर उभं राहायचं: मी गाय आहे, आता मार बघू. तिकडे वासरू, इकडे गाय. निव्वळ योगायोग आहे, पण सबटायटल्स करणाऱ्या बाईला असे योगायोग दिवसभर पुरतात.

या सगळ्यांत ‘नमतं घेणं’ हा वेगळा प्रकार आहे. त्यातलं ‘घेणं’ बघा. खचणं, ढासळणं, कोसळणं ही आपोआप होतात. नमतं मात्र घ्यावं लागतं. हात पुढं करून, उचलून, माप बघून, दुकानातून अर्धा किलो घ्यावं तसं. ज्यानं नमतं घेतलं तो शुद्धीवर असतो. (ते घ्यायला बहुतेक वेळा सुनेलाच का पाठवतात, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ‘तू जरा नमतं घे’ हे वाक्य मी आजवर एकाही जावयाला ऐकवलेलं ऐकलं नाही.)

पुण्यातलं एक नमतं तर इतिहासात जाऊन बसलंय. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं आणि नंतर चहा-बिस्किटं आली. मिशनऱ्यांच्या घरचा चहा! आमंत्रणामागं गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे पती, माणूस मुळातच काड्या घालणारा. कुणी प्याले, कुणी नुसते कप हातात धरून बसले. मग हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि शहर पेटलं. रानडे त्यात, टिळकही त्यात. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रायश्चित्त घ्या, नाहीतर वाळीत. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं पुढं केलं आणि वाद घालत राहिले. रानड्यांना आपण काही पाप केलं असं वाटत नव्हतंच. पण ज्या मित्रांची नावं यादीत होती त्यांच्या घरांत अडचणी वाढत चालल्या. कुणाकडे कार्य अडलं, कुणाच्या घरच्यांनी धोशा लावला. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारक चिडले. ज्या माणसाकडे बघून आम्ही पुढं आलो तोच मागं फिरला, अशी त्यांची तक्रार. रानड्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा सगळा प्रसंग लिहून ठेवलाय, आणि त्यात जाणवतं ते असं की रानड्यांच्या आत काही ढासळलेलं नव्हतं. त्यांनी तराजू धरला होता. एका पारड्यात आपली अब्रू, दुसऱ्यात मित्रांची घरं. चूक तोलले असतील. मला विचाराल तर चूकच तोलले, कारण त्या दिवशी पुण्यातल्या पुढच्या पन्नास कपांचं भवितव्य ठरत होतं. पण तोलले.

आता उलट टोकाचं. १९४१ च्या २९ ऑक्टोबरला चर्चिल हॅरोला, आपल्या जुन्या शाळेत, मुलांसमोर बोलले: कधीही नमू नका. हे वाक्य पोस्टरवर असतं, जिममध्ये असतं, शेजारच्या क्लासच्या फ्लेक्सवरही आहे. पण चर्चिलनी त्याच दमात एक अपवाद जोडला होता: इभ्रत आणि शहाणपण यांच्या तगाद्यापुढं सोडून. तो अपवाद कुठल्याच पोस्टरवर मावत नाही. दोन ओळी, ओळीत चाळीस अक्षरं, मी समजू शकते.

तर मी ‘नमतं घेतलं’ का पुसलं?

सात वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ, मी त्याला दादा म्हणते, मला एका पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहा म्हणाला. कर्ज सहा लाखांचं, धंद्यासाठी. फोनवर मी ‘बघते’ म्हणाले. मराठीत ‘बघते’ म्हणजे नाही, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. मग मावशीचा फोन आला. ‘अगं, सही तर करायचीय, पैसे थोडेच द्यायचेत?’ तिनं मला गळ घातली. गंमत म्हणजे मासे धरायचा गळ पुल्लिंगी आणि ही घालायची गळ स्त्रीलिंगी. कोशात काय असेल ते असो, मला दोन्हींची टोकं एकाच लोहाराकडची वाटतात.

मावशीलाही मी नाही म्हणाले. शब्दांत, स्पष्ट. त्या रात्री मला फार बरं वाटलं. नवरा म्हणाला, ‘तुझा निर्णय’, आणि पेपर वाचू लागला.

रविवारी साडेचारला दादा आणि वहिनी घरी आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या. कर्जाचा विषय नाही. पावसाच्या गप्पा, मुलांच्या परीक्षा. चहा झाला. मी कप उचलायला गेले तर वहिनी आधीच उठली आणि सिंकपाशी जाऊन कप विसळायला लागली. ‘असू दे गं, बस तू.’ माझ्या घरात, माझ्या सिंकपाशी, पदर खोचून. कप चारच होते, पण तिनं मागची दुपारची ताटंही काढली. नळाचा आवाज येत होता आणि दादा टीपॉयवरच्या मासिकाची पानं न वाचता उलटत होता. त्याच्या मांडीवर प्लॅस्टिकची फोल्डर होती. ती त्यानं उघडली नव्हती.

माझे वडील शेवटचे आजारी होते तेव्हा अकरा रात्री दादा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात चादर टाकून झोपला होता. त्या दुपारी त्यानं ते काढलं नाही. आजवर कधीच काढलेलं नाही. काढलं असतं तर मी बहुधा भांडले असते, रागाचा का होईना रेटा मिळाला असता. तो नुसता पानं उलटत राहिला आणि व्हरांडा माझा मीच आठवला. शेवटी तो म्हणाला, ‘दोन फोटो असतील ना गं घरात? पासपोर्ट साइज?’

आणि मी फोटो शोधायला उठले.

सही नंतर झाली. अकरा सह्या, जिथं जिथं पेन्सिलीची फुली होती तिथं तिथं. पण दरड आली ती सहीच्या वेळी नव्हे. कपाटाचा खण उघडून, जुन्या ट्यूशनच्या पावत्यांखाली फोटोंचं पाकीट चाचपताना आली. कुणी हात धरला नव्हता. मी स्वतः, चपळाईनं, पाहुण्यांना ताटकळायला नको म्हणून शोधत होते. फोटो सापडल्यावर मला चक्क हायसं वाटलं.

हप्ते दीड वर्ष गेले. मग थांबले. रजिस्टर पोस्टानं नोटीस आली, पुढं १०१ चा दाखला. पतसंस्थेच्या कर्जात अडकलेल्या कुणालाही हा आकडा सांगावा लागत नाही. सहकार कायद्याच्या त्या कलमाखाली वसुलीचा दाखला निघतो आणि मग तो कोर्टात वर्षानुवर्षं घोळत बसत नाही. तोवर माझी समजूत अशी की आधी दादाचं घर, गाडी, दुकान वगैरे बघतील आणि उरलंसुरलं माझ्याकडे येईल. मी करार कायदा काढून वाचला. १८७२ चा, कलम १२८: जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. आधी त्याच्याकडे जा मग माझ्याकडे या, असा आग्रह मला धरता येत नाही.

त्याच कायद्यात थोडं अलीकडे कलम १४ आहे. संमती मुक्त केव्हा, तर ती जबरदस्तीनं, अनुचित प्रभावानं, कपटानं, दिशाभुलीनं किंवा चुकीनं मिळवलेली नसेल तेव्हा. मी व्यवसायानं शब्द चाचपणारी बाई. पाचही शब्द त्या रविवारवर ठेवून पाहिले. जबरदस्ती? शेवग्याच्या शेंगा. अनुचित प्रभाव? विसळलेले कप. कपट नव्हतं, दादाला खरंच वाटत होतं की तो फेडेल. चूक म्हणजे कायद्याला अभिप्रेत असलेली चूक नव्हती. कायद्याला भीड माहीतच नाही. इंग्रजांनी लिहिला, त्यांच्याकडे शब्द नव्हता. आपल्याकडे आहे, जोडीला फारसीकडून आलेली मुर्वत आहे, भीड भिकेची बहीण अशी धोक्याची पाटीही आहे, आणि ती पाटी वाचतच आपण फोटो शोधतो.

दोन लाख दहा हजार माझ्या वाट्याला आले. भरले, तीन टप्प्यांत. नवऱ्यानं एकदाही ‘मी काय सांगत होतो’ म्हटलं नाही. तसं त्यानं काही सांगितलंच नव्हतं.

नातेवाइकांत मी ही हकीकत सांगते तेव्हा माझं वाक्य ठरलेलं असतं: ‘नातं तुटायला नको म्हणून मी नमतं घेतलं.’ ऐकायला बरं वाटतं. तराजू, पारडी, रानडे. सगळे मान डोलावतात. त्या दिवशी स्क्रीनवर तेच शब्द टाइप झालेले पाहिले आणि लाज वाटली. मी काही घेतलं नव्हतं. नाही म्हणायची माझी जेवढी ताकद होती ती फोनवर दोनदा म्हणून उपसून झाली होती. रविवारी विहीर रिकामी होती आणि मागं अकरा रात्रींचा मुरलेला ओलावा.

नातं तुटलं का? तुटलं नाही, पण दादा आता माझ्यासमोर येत नाही. गेल्या डिसेंबरात भाचीच्या लग्नात तो बुफेच्या पलीकडच्या रांगेत होता. मी त्या रांगेत गेले तर तो आइस्क्रीमकडे. वहिनी हात धुवायच्या बेसिनपाशी भेटली. तिनं माझा ओला हात दोन्ही हातांत धरला, काहीतरी बोलणार असं वाटलं, तेवढ्यात मागच्या बाईनं ‘जरा सरकता का’ म्हटलं आणि आम्ही दोघी सरकलो.

शेवटी मी लिहिलं: ‘बाबांचं काही चाललं नाही.’ चाळिसाच्या बरंच आत, आरामात मावतं. आई बहिणीला असंच सांगेल. यात बाबांनी काही घेतलेलं नाही, टेकलेलं नाही, मोडलेलं नाही, नुसतं त्यांचं चाललं नाही. तपासणाऱ्या मुलीनं शेजारी शेरा मारला: ‘मूळ वाक्यात बाबा कर्ता आहेत.’ खरं आहे. मी उत्तर दिलं, व्याकरणापुरते आहेत. तिनं तो शेरा मिटवला. पटलं की तिचंही काही चाललं नाही, विचारलं नाही.

पुढचं दृश्य पहाटेचं आहे. पाऊस पडतोय. बाप रेनकोटखाली पायजमा, एका हातात छत्री, दुसऱ्यात पट्टा, आणि ते ओलं पिल्लू एका खांबापाशी हटून बसलंय. तो पट्टा ओढतो, ते हलत नाही. तो परत ओढतो. मग छत्री पिल्लावर धरून आपण भिजत उभा राहतो, चांगला पाऊण मिनिट. त्या दृश्यात संवाद नाहीत, त्यामुळे मला काही लिहायचं नव्हतं.